उबंटूची मांडणी बदलल्यावर उठलेल्या तक्रारी: एका संगणक कक्षाला उत्तर

आपल्या पत्राचा मतितार्थ मी असा समजलो आहे. परभणी जिल्ह्यातील आपल्या महाविद्यालयात संगणक कक्ष, कार्यालय आणि ग्रंथालय मिळून पंचवीस संगणकांवर सुमारे आठ वर्षे उबंटू ही लिनक्सवर आधारलेली संगणक प्रणाली चालत होती. तिची आवृत्ती १६.०४ (म्हणजे २०१६ च्या एप्रिलची) होती, आणि पडद्यावर युनिटी हा डेस्कटॉप, म्हणजे पट्ट्या, मेनू व बटणे यांची मांडणी, होता. उन्हाळी सुट्टीत आपण त्या सर्वांवर २४.०४ नव्याने बसवले, आणि जूनमध्ये कामकाज सुरू झाल्यापासून कार्यालयातील लिपिक, ग्रंथपाल व दोन प्राध्यापक सतत नाराजी सांगत आहेत. "हे पूर्वीसारखे करता येईल का, की सरळ विंडोजच घ्यावे?" असे प्राचार्यांनी विचारले आहे, आणि माणसेच बदलाला नाखूश आहेत की बदलच चुकीचा झाला आहे, असे आपण मला विचारत आहात.

लातूर, नांदेड आणि बीड जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे कक्ष मी २००७ पासून सांभाळत आलो आहे आणि अशी नाराजी चार-पाच वेळा अंगावर घेतली आहे. त्या अनुभवावरून मी इतकेच म्हणेन की आपल्या दोन पर्यायांपैकी एकही बरोबर नाही. तक्रार जवळजवळ नेहमी खरी असते, पण तक्रारीचे शब्द क्वचितच खरे असतात. "नवीन उबंटू बेकार आहे" असे म्हणणाऱ्या माणसाला सहसा एकच ठरावीक गोष्ट जागेवर सापडत नसते. ती कोणती, हे त्यालाही सांगता येत नाही, कारण ते काम त्याच्या डोक्यापेक्षा त्याच्या हाताला माहीत होते. म्हणून तोंडाने आलेल्या तक्रारीची नोंद अवश्य ठेवावी, पण निर्णय मात्र हात कुठे अडखळतो ते पाहून घ्यावा.

हे मी चुकून शिकलो. २०१२ च्या उन्हाळ्यात एका महाविद्यालयातील तीस यंत्रे मी १०.०४ वरून १२.०४ वर नेली, म्हणजे खाली-वर दोन पट्ट्या असलेल्या ग्नोम या जुन्या डेस्कटॉपवरून थेट युनिटीवर. पहिले पंधरा दिवस आरडाओरडा झाला, मग तो थांबला, आणि माझ्या मनात आले की झाले, लोकांच्या अंगवळणी पडले. दिवाळीच्या सुमारास लेखा विभागात गेलो तेव्हा एका बाईंच्या डेस्कटॉपवर शंभराच्या आसपास फायली एकावर एक चढलेल्या दिसल्या, कारण प्रोग्राम उघडून फाईल शोधण्याची नवी वाट त्यांना सापडलीच नव्हती. त्या जुनी फाईल उघडून, तिच्यातील मजकूर पुसून, दुसऱ्या नावाने साठवत होत्या. शेजारचे गृहस्थ काम संपल्यावर भिंतीवरचे बटणच बंद करीत. तक्रार थांबली होती ती सवय झाल्यामुळे नव्हे, तर सांगून उपयोग नाही असे त्यांचे मत झाल्यामुळे. आपल्याकडे अजून लोक बोलत आहेत, ही त्या मानाने चांगली स्थिती आहे.

आता या वादाची मागची हकीगत थोडी सांगतो, कारण प्राचार्यांना उत्तर देताना ती उपयोगी पडेल. उबंटूच्या वापरकर्त्यांचा पहिला मोठा उद्रेक संपूर्ण डेस्कटॉप बदलल्यामुळे झाला नव्हता; तो एप्रिल २०१० च्या १०.०४ या आवृत्तीत विंडो बंद करणे, लहान करणे आणि मोठी करणे ही तीन बटणे उजवीकडून डावीकडे नेल्यामुळे झाला. तीन इवलीशी बटणे, पण वर्षानुवर्षे उजव्या कोपऱ्याकडे जाणारा हात रोज शेकडो वेळा रिकाम्या जागी पोहोचू लागला. उबंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी तेव्हा स्पष्ट केले होते की ही लोकशाही नाही. चांगला अभिप्राय आणि चांगली माहिती यांचे स्वागत आहे, पण रचनेचे निर्णय मतदानाने होणार नाहीत. हे वाक्य पुष्कळांना झोंबले. मला मात्र त्यातील पहिल्या भागापेक्षा दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो: मतांची बेरीज आणि वापराची माहिती या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते, जरी ती माहिती त्यांनी त्या वेळी पुरेशी दाखवली नव्हती.

गंमत पुढे आहे. ऑक्टोबर २०१७ च्या १७.१० मध्ये युनिटी जाऊन ग्नोम परत आला तेव्हा तीच बटणे पुन्हा उजवीकडे गेली, आणि मधल्या सात वर्षांत डावीकडे रुळलेल्या लोकांनी त्याच उत्कटतेने त्याविरुद्ध तक्रार केली. आपल्या लिपिकांना आज जे होत आहे ते नेमके हेच आहे, कारण १६.०४ वर बटणे डावीकडे होती. उजवी बाजू चांगली की डावी, हा प्रश्नच नाही. ज्यांच्या हातात डावी बाजू बसली आहे त्यांच्या यंत्रावर ट्वीक्स हा प्रोग्राम बसवून बटणांची जागा डावी करून द्यावी. दोन मिनिटांचे काम आहे आणि त्याने जेवढी नाराजी उतरते तेवढी तासाभराच्या व्याख्यानाने उतरत नाही.

युनिटी का आली, हेही सांगण्यासारखे आहे. त्या काळात नेटबुक नावाची लहान, रुंद पण बुटक्या पडद्याची यंत्रे बाजारात होती, आणि त्यांवर वर एक व खाली एक पट्टी ठेवली तर कागदासाठी जागाच उरत नसे. म्हणून प्रोग्रामांची पट्टी डावीकडे उभी केली आणि मेनू वरच्या पट्टीत नेला. विचार पक्का होता, पण मराठवाड्यातील महाविद्यालयांत तेव्हा चौकोनी, १०२४ गुणिले ७६८ चे पडदे होते, ज्यांवर उंचीची टंचाई फारशी नव्हती आणि रुंदीची होती. डावी पट्टी तिथे जागा वाचवण्याऐवजी खात असे. एका देशातील, एका प्रकारच्या यंत्रासाठी केलेली योग्य मांडणी दुसरीकडे अडचण ठरते, ती अशी. त्यात युनिटीला त्रिमितीय ग्राफिक्स लागत. त्यासाठी असलेला हलका पर्याय १२.१० मध्ये काढून टाकला गेला, आणि साध्या ग्राफिक्सच्या यंत्रांवर सगळी चित्रे प्रोसेसरच रंगवू लागला. लोक म्हणत "नवीन मेनू वाईट आहे". खरे दुखणे मेनूत नव्हते, यंत्राला दम लागत होता.

हे फक्त उबंटूतच झाले असे नाही. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपची ४.० आवृत्ती जानेवारी २००८ मध्ये आली ती अर्धीकच्ची होती, आणि लिनक्सचे जनक खुद्द लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी त्यावर नाराज होऊन ग्नोम धरला. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आला तेव्हा तोही त्यांना पसंत पडला नाही, ते एक्सएफसीई या तिसऱ्या डेस्कटॉपकडे गेले आणि काही काळाने ग्नोमकडे परतलेही. ज्याने लिनक्सचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिहिले त्याचाही हात अडखळतो, हे आपल्या ग्रंथपालांना जरूर सांगा. त्यांना बरे वाटेल. मात्र लिनक्सच्या जगात नाराजीला एक वाट असते जी विकत घेतलेल्या प्रणालीत नसते: मूळ कोड उघडा असल्यामुळे नाराज माणूस फांदी फोडू शकतो. ग्नोम २ बंद झाला तेव्हा अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने त्याचाच कोड घेऊन माटे हा डेस्कटॉप सुरू केला, आणि लिनक्स मिंटच्या मंडळींनी त्याच सुमारास सिनॅमन तयार केला. दोन्ही आजही जिवंत आहेत. तेव्हाच्या त्या आरडाओरड्यातून कोड निघाला, म्हणून त्या नाराजीला नुसती कुरकुर म्हणता येत नाही.

आता आपल्या कक्षाकडे येतो. मी आपल्या जागी असतो तर कोणतीही सेटिंग बदलण्याआधी प्रत्येक तक्रारदाराच्या मागे खुर्ची टाकून तासभर गप्प बसलो असतो. "काय अडचण आहे?" असे विचारायचे नाही, "रोजचे काम करा, मी नुसता बसतो" एवढेच सांगायचे, आणि हात जिथे थांबतो तिथे वहीत एक ओळ लिहायची. मदत करण्याचा मोह आवरणे हे यातील सर्वांत अवघड काम आहे. पाच माणसांमागे बसलात की आपल्याला निम्म्याहून अधिक गोष्टी दिसून जातील, आणि त्यांपैकी काही मी इथूनच सांगू शकतो.

पहिली, फाईल "हरवणे". युनिटीत डेस्कटॉपवर नवी फाईल डाव्या बाजूला वर येत असे, २२.०४ पासून उबंटूत नवे आयकॉन उजव्या कोपऱ्यात खाली येऊ लागले. लिपिकाने शुल्काची यादी डेस्कटॉपवर साठवली, नजर डावीकडे वर गेली, तिथे काही नाही, म्हणून त्याने ती पुन्हा साठवली, पुन्हा नाही. एकाच फाईलच्या तीन प्रती अशाने होतात आणि मग कोणती खरी यावरून कार्यालयात वाद होतो. सेटिंग्जमध्ये उबंटू डेस्कटॉप या विभागात नव्या आयकॉनची जागा डावीकडे वर अशी निवडता येते. हे सर्व यंत्रांवर आजच करून टाका.

दुसरी, प्रोग्राम शोधण्याचे बटण. युनिटीत ते पट्टीच्या अगदी वरच्या टोकाला होते. आता ते खालच्या टोकाला आहे. ते वर नेता येते, पण त्यासाठी डीकॉन्फ एडिटर हा आतल्या सेटिंग बदलण्याचा प्रोग्राम उघडावा लागतो. त्याहून मला दुसरा उपाय अधिक पसंत आहे. विंडोज की दाबायची आणि नाव टाइप करायला लागायचे, ही कृती युनिटीत चालत होती, ग्नोममध्ये चालते आणि विंडोजमध्येही चालते. गेल्या दशकभरातील सगळ्या उलथापालथीत ही एक वाट शाबूत राहिली आहे, म्हणून नव्या माणसाला मी उंदराने शोधणे शिकवतच नाही, हीच कृती शिकवतो. आपल्या कक्षातील जुन्या छापील सूचनांत वर डावीकडच्या "अ‍ॅक्टिव्हिटीज" शब्दावर क्लिक करण्यास सांगितले असेल तर तेवढा कागद बदला. तो शब्द ग्नोम ४५ पासून, म्हणजे उबंटू २३.१० पासून गेला आहे आणि त्या जागी ठिपके आले आहेत. विद्यार्थी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलच्या मराठी ध्वनिचित्रफिती पाहत असतील तर तिथेही पडदा जुना दिसेल, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर आपल्याच यंत्रात बिघाड आहे असे त्यांना वाटते.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट पडद्यावर दिसतच नाही: मराठी टंकलेखन. मिनिटाला चाळीस शब्दांच्या वेगाने टाइप करणाऱ्या माणसाला पट्टी डावीकडे आहे की खाली याचे फारसे सुतक नसते, पण इंग्रजीतून मराठीत जाण्याची कळ बदलली की त्याचे प्रत्येक वाक्य अडखळते. टंकलेखनाची भाषा बदलून देणाऱ्या आयबस या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीत कंट्रोल आणि स्पेस ही जोडी होती, १.५ या आवृत्तीपासून ती विंडोज की आणि स्पेस अशी झाली, आणि १२.०४ वरून १४.०४ वर जाताना ती आमच्या टंकलेखकांच्या वाट्याला आली. त्या वर्षी बहुतेक सगळी चर्चा मेनूबद्दल चालली होती, आणि माझ्याकडे एका टंकलेखक बाई रडकुंडीला येऊन बसल्या होत्या. त्याच वेळी दुसरा बदलही झाला: पूर्वी प्रत्येक विंडोची भाषा वेगळी राहत असे, नंतर सगळीकडे एकच राहू लागली. म्हणजे एका विंडोत मराठी पत्र आणि दुसऱ्या विंडोत इंग्रजी ईमेल असे काम करणाऱ्याने विंडो बदलली की पासवर्डच्या जागी देवनागरी उमटायची. आपण यंत्रे नव्याने बसवली असल्यामुळे जुन्या सेटिंग गेल्या असणार. कीबोर्ड विभागात मराठी इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी पुन्हा घातली आहे का, आणि प्रत्येक विंडोसाठी वेगळी भाषा हा पर्याय निवडला आहे का, ते कार्यालयातील प्रत्येक यंत्रावर स्वतः पाहा. कळ बदलायची असेल तर शॉर्टकटच्या यादीत टायपिंगखाली ती मिळेल. तक्रार करणाऱ्यांपैकी किमान एकाचे दुखणे इथेच निघेल, असा माझा कयास आहे.

चौथी, यंत्र बंद करणे. हे हास्यास्पद वाटेल, पण आपल्याकडे वीज जाते आणि यूपीएस ओरडायला लागले की परिचर एकामागून एक पंचवीस यंत्रे बंद करीत धावतो. युनिटीत वरच्या कोपऱ्यातील चक्रावर क्लिक करून तो पर्याय थेट मिळे. आता आवाज, वायफाय आणि वीज या सगळ्यांचा मिळून एक चौकोन उघडतो, त्यात पॉवरची खूण शोधायची, मग पुन्हा यादीतून निवडायचे. एका यंत्रावर हे एका क्लिकचे दुखणे आहे, पंचवीस यंत्रांवर आणि मरू घातलेल्या बॅटरीवर ते तसे राहत नाही. सेटिंग्जच्या पॉवर विभागात यंत्रावरचे बटण दाबल्यावर काय व्हावे ते ठरवता येते. तिथे बंद होणे निवडा आणि परिचराला दाखवून द्या. उबंटूविषयी मत कोणी परिचराला विचारत नाही, पण पडद्याची मांडणी रोज सर्वांत घाईत वापरणारा माणूस तोच असतो.

आणि संथपणा. "फायरफॉक्स उघडायला वेळ लागतो" ही तक्रार मांडणीच्या तक्रारींत मिसळून येते, पण तिचा मांडणीशी संबंध नाही. २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप या गाठोड्यात येतो, ते गाठोडे दाबून बांधलेले असते, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पहिल्यांदा उघडताना त्याला वेळ लागतो. आपली यंत्रे २०१६ च्या आसपासची असतील आणि त्यांत अजून हार्ड डिस्कच असेल, तर प्राचार्यांकडे विंडोजच्या परवान्याऐवजी एसएसडी आणि चार जीबीहून कमी असलेल्या यंत्रांसाठी रॅम मागा. डिस्क बदलल्यानंतर "नवीन उबंटू वाईट" म्हणणारा माणूस महिन्याभरात त्याच उबंटूची तारीफ करताना मी पाहिला आहे, आणि त्याच्या पडद्यावर तर काहीच बदलले नव्हते. काही साधनांना, विशेषतः एका जागेवरून दुसऱ्या यंत्रांचे पडदे पाहणाऱ्या साधनांना, वेलँड या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर अडचण येते. प्राध्यापकांची तक्रार तशी असेल तर लॉगिनच्या वेळी खालच्या चक्रातून एक्सॉर्ग या जुन्या व्यवस्थेवरील सत्र निवडून पाहा.

एका प्रकारची नाराजी मात्र वेगळी काढावी लागते, कारण ती सवयीची नसते. ऑक्टोबर २०१२ मध्ये १२.१० आले तेव्हा स्वतःच्या यंत्रावर फाईल शोधताना टाइप केलेले शब्द बाहेर जाऊन अ‍ॅमेझॉनवरील वस्तू दाखवल्या जाऊ लागल्या. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला हेरगिरी म्हटले. १६.०४ मध्ये ती सोय मुळातच बंद ठेवून दिली गेली. बटण हलले तर हात नवे वळण शिकतो, पण माझे शब्द मला न विचारता कुठे गेले हा प्रश्न कितीही दिवस गेले तरी तसाच राहतो. आपल्याकडील तक्रारींत असे काही दिसले तर ते सेटिंगने मिटवू नका, त्यावर सविस्तर बोला.

प्राचार्यांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. १६.०४ कडे परत जाऊ नये. त्याचा सर्वसाधारण आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे, एप्रिल २०२१ मध्ये संपला आहे आणि शुल्काची माहिती असलेल्या यंत्रावर ते ठेवणे जबाबदारीचे नाही. युनिटी हवीच असेल तर उबंटू युनिटी नावाचा, भारतातूनच सुरू झालेला उपप्रकार आहे, जो २२.१० पासून अधिकृत झाला. घरच्या एका यंत्रावर मी तो आनंदाने बसवीन, पण तो सांभाळणारा गट लहान आहे आणि उपप्रकारांना आधार तीन वर्षांचा मिळतो, म्हणून कार्यालयाच्या कामासाठी मी तो सुचवणार नाही. विंडोजविषयी इतकेच सांगावे की मांडणी बदलण्याचा त्रास तिथेही चुकत नाही: २०१२ च्या विंडोज ८ मध्ये स्टार्ट बटणच गेले, पुढच्या वर्षी ८.१ मध्ये ते परत आणावे लागले, आणि विंडोज ११ मध्ये ते डिफॉल्टने कोपरा सोडून मध्याकडे सरकले. एमएस-सीआयटी केलेली मुले विंडोजच्या सवयीने येतात हे खरे, पण तीही कोणत्या तरी एका वर्षाच्या विंडोजच्या सवयीने येतात.

एक चूक आपल्याकडून झाली आहे, ती स्पष्ट सांगतो, कारण तीच मी केली होती. आपण सर्व यंत्रे सुट्टीत, कुणालाही न सांगता, एकदम बदललीत. उबंटू तयार करणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने स्वतः एप्रिल २०११ मध्ये ११.०४ देताना लॉगिनच्या वेळी जुना ग्नोम निवडण्याची सोय ठेवली होती आणि पुढच्या आवृत्तीत ती काढली. सहाच महिने, पण तेवढी तरी उसंत होती. आपल्याकडे एकाही माणसाला तेवढी मिळाली नाही. आता मागे जाता येत नसले तरी पुढच्या वेळी ग्रंथालयातील एक यंत्र फेब्रुवारीतच नव्या मांडणीवर ठेवा आणि येता-जाता लोकांना त्यावर बसू द्या. २४.०४ चा आधार २०२९ पर्यंत आहे, म्हणजे त्या वेळेसाठी आपल्याकडे पुरेशी सवड आहे.

तोपर्यंत या आठवड्यात आयकॉनची जागा, मराठीची कळ आणि बंद करण्याचे बटण ही तीन कामे उरकून घ्या, विंडोची बटणे ज्याला डावीकडे हवीत त्याला तशी करून द्या, आणि मग ग्रंथपालांच्या मागे खुर्ची टाकून बसा. वहीत काय उतरले ते कळवा. त्यावरून पुढचे बोलू.